हरकती आणि सूचना : उपनगरांच्या आराखड्याचे एक वाचन

मुंबईच्या उपनगरांवर सर्वांत खोल परिणाम करणारे पुस्तक कोणते, असे विचारले तर मी कुठल्याही कादंबरीचे नाव घेणार नाही. ते पुस्तक म्हणजे महापालिकेचा विकास आराखडा आणि त्याच्या जोडीची विकास नियंत्रण नियमावली. आजवर त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. पहिली १९६४ साली तयार झाली आणि १९६७ साली मंजूर झाली. दुसरी १९८१ ते २००१ या काळासाठी होती, पण ती मंजूर होता होता १९९१ ते १९९४ उजाडले. तिसरी २०३४ पर्यंतची, आणि ती २०१८ साली अमलात आली. चाळीवर मराठीत अमाप लिहिले गेले, ‘बटाट्याची चाळ’ तर घराघरांत पोहोचली. पण चाळीतून उठून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला गेलेल्या माणसाचे घर किती उंच, मैदान कुठे आणि रस्ता किती रुंद हे ज्या मजकुराने ठरवले, त्याची समीक्षा आपल्या नियतकालिकांत मला जवळजवळ आढळत नाही. मी नगररचनाकार नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि चाळीस वर्षांचे मुलुंडचे वास्तव्य एवढीच माझी पात्रता. नियम वाचायला शिकलो तो गरजेपोटी, सोसायटीच्या कामातून. पण मजकूर वाचण्याची सवय असलेल्या कुणालाही या ग्रंथाचे वाचन जमते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात एका शब्दापासून करतो. तो शब्द आहे ‘उत्तरेकडे’.

१९९१ च्या नियमावलीने शहरात चटईक्षेत्र निर्देशांक १.३३ आणि उपनगरांत १ ठेवला. त्याच नियमावलीने विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे आपण सगळे ज्याला टीडीआर म्हणतो ते, आणले. कल्पना साधी होती. उद्यानासाठी, शाळेसाठी, रस्त्यासाठी राखून ठेवलेली जमीन मालकाने पालिकेला फुकट द्यावी, आणि त्या बदल्यात तेवढे बांधकाम दुसरीकडे करण्याचा हक्क घ्यावा. तो हक्क विकताही येई. पण हा हक्क शहर विभागात वापरायचा नाही, आणि उपनगरांत वापरायचा तर तो जिथून निर्माण झाला त्या भूखंडाच्या उत्तरेलाच वापरायचा, अशी अट होती. काही पट्टे वगळले होते, पण गाभा हाच. दक्षिणेकडे गर्दी आहे, ती पांगवावी, हा त्यामागचा हेतू असणार, आणि तो वाईट नव्हता. परिणाम असा झाला की मोकळी जागा दक्षिणेला मिळाली तरी तिची किंमत मजल्यांच्या रूपाने उत्तरेने मोजली. चार मजल्यांच्या सोसायट्या पाडून तिथे सातमजली इमारती उभ्या राहिल्या. खालची गल्ली मात्र तेवढीच राहिली. मलनिस्सारण वाहिनीही तीच. रस्त्याच्या रुंदीशी टीडीआरची सांगड घालणारे धोरण मुंबईत आले २०१६ साली. म्हणजे पाव शतक एका क्रियाविशेषणाने बोरिवली-मुलुंडच्या आकाशरेषेचे काम केले. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. जी गावे शेवटी शहरात आली, त्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त मजले आले. या नियमावर तेव्हा लोकांनी किती हरकती घेतल्या असतील? नकाशावर आपल्या घरावरून जाणारा रस्ता दिसतो. नियमावलीतला ‘उत्तरेकडे’ दिसत नाही.

आता हरकतींकडे वळू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातले कलम २६ म्हणते की प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात. कलम २८ नुसार एक नियोजन समिती त्या ऐकते. मग सर्वसाधारण सभा, मग नगरविकास विभाग. वाचताना ही रचना अतिशय लोकशाहीवादी वाटते. २०१५ च्या फेब्रुवारीत जो प्रारूप आराखडा बाहेर आला, त्याने या रचनेची खरी परीक्षा घेतली. काही ठिकाणी निर्देशांक आठपर्यंत नेलेला. आरे वसाहतीची हिरवळ बांधकामाला मोकळी करण्याचा प्रस्ताव. उभ्या इमारतींवरून आखलेले रस्ते, असलेल्या वास्तू न दाखवणारे किंवा भलत्याच नावाने दाखवणारे नकाशे. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा दुरुस्त करून नव्याने मांडायला सांगितले. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्याकडे ते काम गेले. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, जुलै २०१७ मध्ये पालिकेच्या सभागृहाने शेकडो दुरुस्त्यांसह तो मंजूर केला, मे २०१८ मध्ये राज्य सरकारने मान्यता दिली आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला.

हा लोकांचा विजय होता, असे तेव्हा लिहिले गेले. मीही तसे मानतो, पण एका पुरवणीसह. २०१५ चा आराखडा पडला तो चुकांमुळे. देऊळ दिसत नाही, शाळा दिसत नाही, माझ्या इमारतीवरून रस्ता जातो: या चुका कुणालाही दिसतात. २०१६ च्या मसुद्यात त्या बऱ्याच अंशी दुरुस्त झाल्या, आणि चुका गेल्यावर आमचे बोलणेही संपले. धोरणावर बोलण्याची आम्हाला सवयच नव्हती.

माझ्या ओळखीच्या मंडळींच्या आणि काही सोसायट्यांच्या हरकतींच्या प्रती मी जमवल्या आहेत. त्यातल्या बहुतेक एकाच साच्यातल्या आहेत. कुणीतरी एक पत्र तयार केले, बाकीच्यांनी नाव आणि पत्ता घालून सही केली. अशा हजार पत्रांची दप्तरात एकच नोंद होते, आणि कारकुनाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. दुसरा प्रकार भावनेचा : ‘आमच्या मुलांनी खेळायचे कुठे?’ प्रश्न खरा आहे, पण त्याला उत्तर देण्याचे बंधन कुणावरही पडत नाही. तिसरा प्रकार विरळा. त्यात एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलेली हरकत आहे, बोरिवलीच्या एका जुन्या गावठाणातली. तिने एवढेच लिहिले की अमुक सिटी सर्व्हे क्रमांकाच्या भूखंडावर विहीर आहे, तिचा काठ बांधलेला आहे, पावसाळ्यात आजूबाजूच्या घरांचे पाणी तिथे जिरते, नकाशावर ती दाखवलेली नाही, आणि भूखंडावर बांधकाम झाल्यास पाणी कुणाच्या घरात जाईल हे सोबतच्या रेखाटनात दाखवले आहे. विशेषण एकही नाही. समीक्षक म्हणून मला विचाराल तर सगळ्या गठ्ठ्यात चांगले गद्य तेच. तिची हरकत मान्य झाली की नाही हे मला कळू शकले नाही, कारण प्रत्येक हरकतदाराला कारणांसह उत्तर पाठवण्याची व्यवस्था प्रत्यक्षात उभीच राहिली नाही. एका सुनावणीला मी शेजाऱ्यांसोबत गेलो होतो. आमच्या वाट्याला काही मिनिटे आली, समोरच्यांनी शांतपणे ऐकले, कागदावर खूण केली. कोणी उद्धटपणे वागले नाही. पुढे काय झाले ते आम्ही नकाशाच्या पुढच्या आवृत्तीवरून ओळखायचे.

आराखडा मंजूर झाला की लोकांची भूमिका संपते, असा समज आहे. खरा खेळ त्यानंतर सुरू होतो, आणि त्याची दोन कलमे आहेत. कलम ३७ मंजूर आराखड्यात ‘किरकोळ’ फेरबदल करू देते, जोवर त्याचे स्वरूप पालटत नाही. या ‘किरकोळ’ शब्दाचा अर्थ कुणाच्या नजरेने लावायचा? चारशे चौरस किलोमीटरांहून मोठ्या मुंबईच्या हिशेबात एका खेळाच्या मैदानाचे आरक्षण उठणे किरकोळच. त्या मैदानासमोर राहणाऱ्या तीनशे कुटुंबांच्या हिशेबात नाही. निदान या कलमात सूचना प्रसिद्ध होते आणि महिनाभर हरकती घेता येतात.

कलम १२७ मध्ये तेवढेही नाही. आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि आरक्षित जमीन घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची सूचना देतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते. ही मुदत आधी सहा महिने होती, पुढे बारा झाली, २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस. गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले की पावले म्हणजे संपादन खरोखर सुरू करणारी पावले, नुसते ठराव आणि पत्रव्यवहार नव्हेत. मालकाच्या बाजूने हा न्याय आहे, कारण कुणाची जमीन वर्षानुवर्षे रंगवून ठेवायची आणि पैसे द्यायचे नाहीत हा अन्यायच. पण या सगळ्या व्यवहारात पक्ष दोनच : मालक आणि पालिका. ज्यांच्यासाठी ते उद्यान राखले होते त्यांना सूचना मिळत नाही, हरकत घेण्याची पायरीच नाही. फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस राहिली यावर उद्यानाचे भवितव्य ठरते. पूर्वी असे संपादनाचे प्रस्ताव सुधार समितीपुढे येत, तिथे निदान वर्तमानपत्रांचे वार्ताहर बसलेले असत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच समिती आणि प्रशासकच सभागृह अशी स्थिती राहिली. समित्यांच्या कारभाराविषयी माझा भाबडा समज नाही. तरीही उघड्यावर घेतलेला वाईट निर्णय आणि बंद खोलीतला चांगला निर्णय यांत मी पहिला निवडीन, कारण त्यावर दुसऱ्या दिवशी बोलता येते.

शिवाय ‘पालिका’ ही एकच नाही. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हाडा, एमएमआरडीए, प्रत्येकाची हद्द वेगळी, परवानगी वेगळी. घाटकोपरच्या छेडानगरात १३ मे २०२४ रोजी पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून १७ माणसे गेली. पालिकेच्या नियमाने फलक ४० बाय ४० फुटांपर्यंतच चालतो. हा त्याहून कितीतरी मोठा. जागा रेल्वे पोलिसांची, परवानगी त्यांची, आणि पालिकेचे म्हणणे असे की आमची परवानगी घेतलीच नव्हती. असा फलक आपल्या खिडकीसमोर उभा राहताना पाहणाऱ्या माणसाने अर्ज कुणाला करायचा? त्याच घाटकोपरात २५ जुलै २०१७ रोजी साई दर्शन ही चार मजली इमारत कोसळून १७ जण दगावले, तेव्हा तळमजल्यावरच्या फेरफारांचा प्रश्न पुढे आला होता. शेजाऱ्यांची तक्रार हा बांधकामावरचा सर्वांत स्वस्त पहारा आहे. तो कुठल्या दारात उभा करायचा हेच कळत नाही.

इथवर मी शेजाऱ्यांच्या बाजूने लिहिले. पण मुलुंडमध्ये राहून पुढचे लिहिले नाही तर हा लेख अर्धा राहील. प्रकल्पग्रस्तांसाठी मुलुंड पूर्वेला मोठ्या संख्येने घरे बांधण्याचा प्रस्ताव आला आणि २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासासाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडमधली सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. आमच्याकडे सभा झाल्या, फलक लागले. त्या सभांत मी दोन भाषा ऐकल्या. एक म्हणत होती की मिठागरे भरतीचे आणि पावसाचे पाणी झेलतात, तिथे बांधकाम झाले तर पाणी कुठे जाईल? रुग्णालय, पाणी, स्थानकाचा पूल यांची क्षमता किती? दुसरी म्हणत होती, ‘ती माणसे इथे नकोत.’ एकाच पत्रकावर दोन्ही वाक्ये खालीवर छापलेली मी वाचली आहेत. दुसऱ्या वाक्याने पहिल्याचे वजन जाते, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तर देणे सोपे होते : हे लोक गरिबांच्या विरोधात आहेत. आणि काही अंशी ते खरे असते. आमच्याही आजोबांना कुणीतरी ‘ही माणसे इथे नकोत’ म्हटले असणारच. गिरगावातून, कोकणातून येऊन मुलुंडला चाळीत राहिलेल्यांना इथले मूळ गावकरी काय म्हणत होते, ते कुणी लिहून ठेवलेले नाही. मिठागरांवर बांधकाम होऊ नये असे माझे मत आहे, आणि धारावीतल्या कुटुंबाला त्याच्या धंद्याजवळच घर मिळावे असेही आहे. ही दोन्ही वाक्ये एका हरकतीत बसतात. तशी हरकत मुलुंडमधून किती जणांनी लिहिली हे मी शोधतो आहे. आतापर्यंत हाती लागली ती अकरा पत्रे.

२०३४ नंतरच्या आराखड्याचे काम त्याआधी बरीच वर्षे सुरू होईल, आणि सुरुवात होईल ती विद्यमान भूवापराच्या नकाशापासून. मागच्या वेळी हा नकाशा प्रारूपाच्या आधीच, २०१२-१३ च्या सुमारास, लोकांना पाहायला खुला झाला होता आणि स्वयंसेवी संस्थांनी त्यातल्या चुका दाखवल्या होत्या. पण सोसायट्यांपर्यंत ती बातमी फारशी आली नाही. म्हणून आम्ही काही जणांनी टी विभागातल्या आमच्या भागाची यादी करायला घेतली आहे : विहिरी, नाले, खेळायच्या जागा, कुलूप लावलेली उद्याने, प्रत्येकाचा सिटी सर्व्हे क्रमांक आणि तारखेसह छायाचित्र. बोरिवलीच्या त्या शिक्षिकेचे रेखाटन नमुन्यासाठी पहिल्या पानावर लावले आहे.