स्कॅन पाहिला, पण नोकरी विचारली का?

यकृताच्या अँजिओसार्कोमावरचे इमेजिंगचे पेपर वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकते. रुग्णाचं वय असतं, लिंग असतं. तो आयुष्यभर कुठे कामाला होता, हे बऱ्याचदा नसतंच.

हा दुर्मीळ कॅन्सर रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उगवतो. सीटीत तो कधीकधी हेमँजिओमासारखा, म्हणजे निरुपद्रवी गाठीसारखा दिसतो. दोन्हींत डाय हळूहळू भरत जातो. हेमँजिओमात भरलेला भाग महाधमनीइतकाच उजळतो. अँजिओसार्कोमात तो बहुधा वेडावाकडा आणि कमी-जास्त. त्या 'बहुधा'पाशीच घोडं अडतं. बायोप्सी करावी तर रक्तस्रावाची भीती.

आता १९७४ आठवा. अमेरिकेत लुईव्हिलच्या एका पीव्हीसी कारखान्यात हा कॅन्सर पकडला गेला तो स्कॅनमुळे नाही. रुग्ण एकाच कारखान्यातले आहेत, हे तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. कारण निघालं व्हिनाइल क्लोराइड वायू.

चाकणला गाड्यांच्या वायरींवरही पीव्हीसीच असतं. घाबरू नका, खरा धोका त्या वायूपासून रेझिन बनवणाऱ्यांना होता. तयार पीव्हीसी हाताळणं वेगळं. पण आपल्याकडे माणसं नोकऱ्या बदलत, राज्यं ओलांडत येतात आणि हा आजार उमटायला बऱ्याचदा वीस-तीस वर्षं लागतात. आज भोसरीत वॉचमन असलेले काका तेव्हा कुठल्या रिअॅक्टरमध्ये उतरून साफसफाई करत होते, हे रेडिओलॉजिस्टला कळणार कसं? एआय मॉडेलला तर नाहीच.

घरात कुणाचा यकृताचा स्कॅन असेल, तर चिठ्ठीमागे त्यांचे जुने कारखाने तुम्हीच लिहून द्या.