यादीत न मावणारा सीझन

हार्टी कप ही आयर्लंडच्या मन्स्टर प्रांतातल्या शाळांची हर्लिंग स्पर्धा. हर्लिंग म्हणजे लाकडी स्टिक, चामड्याचा छोटा चेंडू आणि दोन्हीकडे १५-१५ खेळाडू. १९१८ पासूनच्या विजेत्यांची यादी मी गोष्टीसारखी वाचायला घेतली आणि अडकलो. एनिसच्या सेंट फ्लॅनन्स कॉलेजचं नाव त्यात वीसहून जास्त वेळा येतं, जणू एकच टीम पिढ्यान् पिढ्या खेळतेय!

पण ही १९ वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा. शाळा सुटली की टीमही संपते.

२०२२ मध्ये क्लेअर काउंटीतल्या टला गावच्या सेंट जोसेफ्स शाळेने हा कप पहिल्यांदा जिंकला. फायनलमध्ये हरली ती दुसरी एक शाळा. यादीत या सगळ्याची एकच ओळ. हरलेल्यांपैकी जी मुलं शेवटच्या वर्षाला होती, त्यांना ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचीही सोय नव्हती.

माझी तक्रार इथेच आहे. यादी शाळेची परंपरा मोजते. या खेळातला जीव मात्र ‘हीच शेवटची संधी’ यात आहे. म्हणून मी आता शाळेचं नाव नंतर वाचतो, साल आधी.