'वर्तमाना'चे वर्तमान

हेंद्रेपाड्यातील एका घरी प्रार्थनेसाठी गेलो असता नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "फादर, वर्तमान म्हणजे चालू काळ. मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीला शुभवर्तमान कसे म्हणायचे?" घरच्यांनी त्याला दटावले. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. त्याचे उत्तर धर्मशास्त्रात नव्हे, जुन्या वृत्तलेखनात शोधावे लागते.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, त्या काळी वर्तमान म्हणजे बातमी. मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ नोंदलेला आहे. पेशवाईतल्या पत्रांतही 'इकडील वर्तमान' म्हणजे इकडची हकिगत. आज 'वर्तमानपत्र' या जोडशब्दात तो अर्थ शिल्लक आहे; पण उच्चारताना तो कोणाच्या ध्यानी येत नाही.

मौज अशी की, हे वर्तमान ताजे मुळीच नसे. 'दर्पण' निघाले तेव्हा विलायतेची डाक आफ्रिकेला वळसा घालून येई आणि तिला चार-पाच महिने सहज लागत. तरी छापताना ते वर्तमानच! घटना केव्हा घडली यापेक्षा ती आपल्यापर्यंत केव्हा पोचली, याला त्या शब्दात मोल होते असे मला वाटते. १८७० साली समुद्राखालच्या तारेने मुंबई विलायतेशी जोडली गेली. पुढे वृत्त जसजसे वेगवान झाले तसतसे 'वर्तमान' मागे पडून 'बातमी' पुढे सरसावली. हा निव्वळ योगायोगही असेल. परंतु बातमीचे कूळच निराळे. बातमीदार म्हणजे पूर्वी हेर. पोलिसांच्या भाषेत आजही तो खबऱ्याच. बातमी काढावी लागते, ती फुटते, दडपली जाते. वर्तमानाला ही क्रियापदे मानवत नाहीत. वर्तमान येते, कळते, सांगितले जाते.

हिंदी बायबलने 'सुसमाचार' हा शब्द घेतल्यामुळे तिकडच्या मुलांना असा प्रश्न पडत नसावा. १८२२ साली मुंबईत निघालेल्या गुजराती पत्रानेही 'समाचार'च पत्करला होता. आपल्या मराठी बायबलात मात्र ग्रंथाच्या शीर्षकात 'शुभवर्तमान' आणि आतील मजकुरात 'सुवार्ता', असे दोन्ही शब्द नांदतात. काही सुज्ञ मंडळी म्हणतात, शीर्षकही 'सुवार्ता' करून टाका, म्हणजे घोटाळा मिटेल. 'सुवार्ता' हा शब्द गोड आहे यात शंका नाही. वसईच्या त्याच नावाच्या मासिकाने तो घरोघरी नेला आहे. तरीही ही दुरुस्ती मला मान्य नाही. वृत्तपत्रांनी टाकून दिलेला अर्थ रविवारी वेदीवरून अजून मोठ्याने उच्चारला जातो. तो पुसून आपण मुलांची एक अडचण दूर करू, पण प्रश्न विचारण्याचे निमित्तही घालवून बसू.

त्या मुलाला मी डाकेच्या जहाजांची गोष्ट सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली आणि विचारले, "मग व्याकरणाच्या पेपरात काय लिहू?" तिथे चालू काळच लिही, असे सांगून मी उठलो.