फर्माईश आणि नामोच्चार : लोकप्रिय गीताच्या श्रोत्याचा भाषाव्यवहार

लोकप्रिय गीताविषयी मराठीत जे समीक्षात्मक लेखन झाले आहे त्यात कवी आणि संगीतकार ह्यांचा विचार पुष्कळ आढळतो, गायकाचा त्याहून अधिक. श्रोता मात्र बहुधा संख्येच्या रूपाने अवतरतो. 'असंख्य रसिकांनी डोक्यावर घेतलेले गीत' ह्या ठरीव शब्दप्रयोगापलीकडे त्याला क्वचितच स्थान मिळते. तो काय ऐकतो हे सांगितले जाते; ऐकल्यानंतर तो काय बोलतो, कोणत्या शब्दांत मागणी करतो, गाण्याला कोणत्या नावाने ओळखतो, हे प्रश्न साहित्यसमीक्षेला क्षुल्लक वाटले आणि भाषाशास्त्रालाही ते आपले वाटले नाहीत. वस्तुतः विसाव्या शतकाच्या मध्यावर हिंदी आणि मराठी नभोवाणीच्या श्रोत्याने एक स्वतंत्र भाषाव्यवहार सिद्ध केला होता. फर्माईश हे त्याचे नाव. स्तुती किंवा वर्णन ह्यांना त्यात फारसा वाव नाही. त्याचा गाभा नामोच्चार हा आहे. गीतवेड्याच्या उत्साहाचे मोल ठरवावयाचे असेल तर ह्या नामोच्चाराचे स्वरूप आधी ध्यानात घेतले पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

ह्या प्रतिपादनाच्या आड येणारे सर्वांत बलवान मत थिओडोर अडॉर्नो ह्या जर्मन विचारवंताचे आहे. १९४१ साली, अमेरिकेतील वास्तव्यात लिहिलेल्या लोकप्रिय संगीतावरील निबंधात त्याने श्रोत्याच्या आनंदाची चिरफाड केली आहे. लोकप्रिय गाण्याचा साचा ठरलेला असल्यामुळे त्यात ऐकण्याजोगे नवे काही उरत नाही; उरतो तो केवळ ओळखण्याचा आनंद. 'हे ते गाणे' असे म्हणून श्रोता ऐकलेल्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवितो, ओळखता आले ह्याचाच त्याला हर्ष होतो, आणि तो हर्ष पुढे तो गाण्याच्या गुणाच्या खाती जमा करतो. म्हणजे अडॉर्नोच्या मते नाव घेणे हे ऐकणे थांबल्याचे लक्षण होय. मत तिखट आहे; परंतु ते एका वाक्यात उडवून लावण्याजोगे नाही. वाद्यमेळाच्या पहिल्या दोन स्वरांवर चित्रपट, साल, संगीतकार ही माहिती घडाघडा सांगून टाकणारा आणि मग पुढचे गाणे सुरू असता स्वतःच गप्पा मारीत बसणारा शौकीन ज्याने पाहिला आहे, त्याला ह्या विवेचनातील सत्यांश नाकारता येणार नाही.

तथापि अडॉर्नोने एक गोष्ट गृहीत धरली आहे. नावे आयती उपलब्ध असतात असे तो समजतो. ज्या अमेरिकन व्यवसायाविषयी तो लिहितो त्यात गीताला शीर्षक असते, त्याच शीर्षकाने त्याची छापील प्रत विकली जाते, आणि ते शीर्षक श्रोत्याच्या कानी कपाळी ओरडण्याची व्यवस्थाही असते. भारतीय श्रोत्याची स्थिती अशी नव्हती. त्याला नाव मिळवावे लागले.

१९४९ साली 'महल' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील ज्या गाण्याने लता मंगेशकर ह्यांची कीर्ती देशभर पसरली, त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर आरंभी त्यांचे नाव नव्हते. 'कामिनी' असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. पडद्यावर ओठ हलविणारी मधुबाला, तिच्या रूपाने वावरणारी कामिनी, आणि ह्या दोघींना कंठ देणारी तिसरी. ह्या तिघींपैकी जी अस्तित्वातच नव्हती तिच्या नावे गाणे विकले जात होते. गाणे नभोवाणीवरून ऐकू येऊ लागताच गाणारी कोण अशी पृच्छा करणारी पत्रे केंद्राकडे येऊ लागली. केंद्राला मुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे चौकशी करावी लागली, आणि मग ते नाव श्रोत्यांना सांगण्यात आले. ही हकीकत बहुधा गायिकेच्या चरित्रातील एक रम्य प्रसंग म्हणून सांगितली जाते. श्रोत्याच्या बाजूने पाहिले असता तिचा अर्थ निराळा दिसतो. छापलेले नाव समोर असता त्याने ते स्वीकारले नाही. आवाज आणि पात्र ह्या दोन वस्तू आहेत, एकीचे नाव दुसरीला देऊन भागणार नाही, हा निर्णय त्याने केवळ कानाच्या साक्षीने केला. ज्याला चिठ्ठी चिकटविणे एवढेच ठाऊक असते तो चिकटविलेली चिठ्ठी काढून टाकीत नाही. पार्श्वगायनासाठी फिल्मफेअर पारितोषिक सुरू झाले ते १९५९ साली, श्रोत्यांचा 'कोण?' हा प्रश्न त्याआधी दहा वर्षे विचारून झाला होता.

चित्रपटाच्या नावाचेही असेच. आपल्याकडील गीताला स्वतंत्र शीर्षक नसते. त्याचे आरंभीचे शब्द हेच त्याचे नाव. व्याकरणाच्या दृष्टीने ही घटना मोठी गमतीची आहे. क्रियापदाने संपणारे पूर्ण वाक्य असो, अर्धवट तुटलेला चरण असो की नुसती हाक असो, ती शब्दावळी श्रोत्याच्या तोंडी अखंड नाम बनते, नपुंसकलिंगी होते आणि 'लावा', 'वाजवा' ह्या क्रियापदांचे निमूट कर्म होते. असे नाम दोन गाण्यांना समान असू शकते. म्हणून त्याच्या जोडीला चित्रपटाचे नाव लागते. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्या सुमारास ऑल इंडिया रेडिओवरील चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले, आणि चित्रपटाचे नाव उच्चारणे ही जाहिरात होय अशा भूमिकेतून ते वगळण्याचे ठरले. निर्मात्यांनी प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली आणि ही गीते काही काळ सरकारी नभोवाणीवरून जवळजवळ लुप्त झाली. ह्या वादाचे वर्णन अभिरुची विरुद्ध बाजार असे करण्याची प्रथा आहे. तो मुळात एका विशेषनामावरून झालेला वाद होता, ही गोष्ट मागे पडते. चित्रपटाचे नाव निर्मात्याच्या दृष्टीने माल होता, खात्याच्या दृष्टीने दोष होता. श्रोत्याला ते केवळ गाण्याचा पत्ता म्हणून हवे होते. तो रेडिओ सिलोनच्या लघुलहरींकडे वळला. तेथे चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी सर्व नावे उच्चारली जात, आणि त्यांच्या पाठोपाठ श्रोत्याचेही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा आरंभ झाला तोवर ही सवय दृढ झाली होती.

श्रोत्याचा उच्चार हा प्रयोगाचाच भाग होय, ही कल्पना भारतीय परंपरेला नवी नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात सिद्धीचा, म्हणजे प्रयोगाच्या यशाचा, विचार आहे. मानुषी सिद्धीचे वाङ्मयी आणि शारीरी असे दोन प्रकार तेथे सांगितले असून प्रेक्षकाचे स्मित, हास्य, 'साधु', 'अहो' असे उद्गार ह्यांची वाङ्मयी सिद्धीत गणना केली आहे. बैठकीतील 'वाहवा' ही त्याच कुळीची. नभोवाणीने हा उद्गारच श्रोत्याच्या तोंडून काढून घेतला. यंत्रासमोर 'वाहवा' म्हणणारा मनुष्य एकतर एकटा असतो किंवा हॉटेलातल्या चहाच्या टेबलाशी बसलेला असतो. गायकापर्यंत त्याचा शब्द पोचत नाही. ही उणीव पोस्टकार्डाने भरून काढली. फर्माईश हा शब्दही येथे लक्षणीय आहे. आज्ञा करणे ह्या अर्थाच्या फारसी धातूपासून तो आला. 'फर्मान' आणि मराठीतील 'फर्मावणे' ही त्याची भावंडे, आणि मुद्दाम सांगून करविलेले म्हणून उत्तम, असा अर्थ पावलेला आपला 'फर्मास' हाही त्याच घरचा. दरबारात आणि बैठकीत फर्माईश करण्याचा अधिकार आश्रयदात्याचा होता. पोस्टकार्डाच्या किमतीत तो कोणालाही मिळू लागला.

ह्या पत्रांचे नभोवाणीवर जे वाचन होई त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पत्रात श्रोता 'मी' असतो. निवेदकाच्या मुखातून बाहेर पडताना तो तृतीयपुरुषी होतो. अमुक गावाहून अमुक, तमुक, त्यांचे बंधू आणि सर्व मित्र, अशी क्रियापदाला दूर ठेवणारी नामांची माळ ऐकू येते आणि लगेच गाणे सुरू होते. गाणे का आवडले ह्याविषयी चकार शब्द नाही. वरवर पाहता हे दारिद्र्य वाटेल. परंतु ऑस्टिनने ज्या उक्तींना कृतिरूप मानले, म्हणजे ज्यांचा उच्चार हीच कृती असते, त्यांच्या जवळ जाणारी ही उक्ती आहे. नाव उच्चारले गेले आणि गाणे वाजले की अभिप्राय पूर्ण झाला. त्याला विशेषणाची गरज राहिली नाही. झुमरी तलैया हे ह्याचे प्रसिद्ध उदाहरण. अभ्रकाच्या खाणींसाठी ओळखले जाणारे, तेव्हा बिहारमध्ये आणि २००० सालापासून झारखंडात असलेले हे कोडरमा जिल्ह्यातील गाव फर्माइशींच्या यादीत इतक्या वेळा ऐकू येई की ते काल्पनिक असावे अशी अनेकांची समजूत झाली. नावाच्या नादमधुर घडणीनेही त्या समजुतीला हातभार लावला असावा; तलैया म्हणजे लहानसे तळे, ह्या साध्या अर्थाकडे कोण लक्ष देतो! 'महल'मधील काल्पनिक स्त्रीला श्रोत्यांनी खरे नाव मिळवून दिले. येथे खरे गाव त्यांच्याच उत्साहाने काल्पनिक ठरले.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो योग्य आहे. जर नामोच्चार हेच साध्य असेल तर गाणे निमित्तमात्र ठरते. स्वतःचे नाव ऐकण्यासाठी कोणतेही गाणे मागणारे श्रोते होतेच. तीच ती नावे निरनिराळ्या गाण्यांमागे येत हे त्या काळच्या श्रोत्याला सांगावयास नको. म्हणून फर्माइशींची संख्या ही गीताच्या लोकप्रियतेचे माप म्हणून वापरणे सदोष आहे, आणि तसे वापरणाऱ्या लेखनाविषयी सावध राहिले पाहिजे. मात्र ह्यावरून श्रोत्याचा उत्साह खोटा ठरत नाही. गायकाचे, कवीचे आणि आपले नाव एकाच श्वासात, एकाच यादीत उच्चारले जावे ही इच्छा हौसेची असेल, पण ती ऐकण्याच्या विरोधी नाही. अडॉर्नोचा आरोप अधिक नेमकेपणाने लागू पडतो तो दुसऱ्या एका कार्यक्रमाला. ३ डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि तिच्या फिती कोलंबोस जात. एका दंतधावनाच्या उत्पादनाने पुरस्कारिलेल्या ह्या कार्यक्रमात अमीन सायानी (१९३२–२०२४) ह्यांनी क्रमांकाला 'पायदान' हा शब्द रूढ केला आणि वर्षाच्या अग्रगण्य गीताला 'सरताज' म्हटले. शब्दयोजना खानदानी आहे, निवेदनही अत्यंत जिव्हाळ्याचे. परंतु पायरीवर चढते ते गाणे, चढविणारा श्रोता बेरजेत विरून जातो. फर्माइशीत नावे होती, येथे क्रमांक आला. ह्या दोहोंना 'लोकप्रियता' ह्या एकाच शब्दाखाली बसविणे ही विश्लेषणातील ढिलाई होय.

मराठीपुरता विचार करता मुंबई केंद्रावरील 'आपली आवड' ह्या कार्यक्रमाचे शीर्षकच बोलके आहे. हिंदीतील 'आप ही के गीत' किंवा 'आप की फर्माईश' ह्यांतील 'आप' द्वितीयपुरुषी आदरार्थीच असतो. देणारा एका बाजूला, मागणारा दुसऱ्या. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. श्रोत्याला वगळणारे ते 'आम्ही', त्याला सामावून घेणारे ते 'आपण'. शिवाय आदराने संबोधावयाचे तेही 'आपण'च. त्यामुळे 'आपली आवड' ह्याचा अर्थ 'श्रोतेहो, तुमची आवड' असाही होतो आणि 'तुमची आमची सर्वांची आवड' असाही, आणि कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे व्याकरण सांगत नाही. यादीत ज्याचे नाव आले त्याने पहिला अर्थ घ्यावा, ज्याचे आले नाही त्याने दुसरा. आज भ्रमणध्वनीवर गाणी पुरविणाऱ्या सेवा श्रोत्यापुढे जी निवड मांडतात तिचे शीर्षक 'तुमच्यासाठी' अशा अर्थाचे असते. निवड पुष्कळदा अचूक असते. तेथील 'तुम्ही' व्याकरणाने अनेकवचनी, अर्थाने एकटा. आणि गाणे सुरू होण्यापूर्वी त्याचे नाव दुसऱ्या कोणाला ऐकू जात नाही.