उभ्याने खाणे आणि दयेची कथा

माझे वडील उभ्याने जेवत नाहीत. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नाला मी त्यांना घेऊन गेलो होतो. तेथे ताट हातात घेऊन हिंडत जेवण्याची पद्धत होती. वडिलांनी ताट वाढून घेतले आणि मांडवाच्या कडेला गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांवर जाऊन बसले. मी खुर्ची आणायला धावलो तर म्हणाले, ‘‘राहू दे. जनमभर उभ्यानंच खाल्लं, आता बसून खाऊ दे.’’ त्यांच्या उमेदीत गावातल्या हॉटेलात बाकडे होते, पण ते आमच्या वस्तीसाठी नव्हते. बाहेरच्या कोनाड्यातला कानतुटका कप आपणच घ्यायचा, त्यात वरून चहा ओतला जायचा, तो उभ्याने प्यायचा, आणि कप आपणच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. लहानपणी मीही तो कप विसळला आहे. त्या वेळी भारतीय संविधान लागू होऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली होती, आणि त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट शब्दांत उल्लेख होता. हॉटेलवाल्याने तो वाचलेला नव्हता. आम्हीही वाचलेला नव्हता.

हे सारे मला आठवले ते टोकियोतल्या एका रेल्वे स्टेशनात. २०१९ च्या नोव्हेंबरात भाषांतराविषयीच्या एका परिसंवादासाठी मी तिकडे गेलो होतो. फलाटावरच एक टपरीवजा दुकान होते. खुर्ची नाही, बाकडे नाही. छातीइतक्या उंचीची फळी आणि तिच्याशी खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे. या प्रकाराला तेथे ‘ताचिगुई’ म्हणतात. शब्दाचा अर्थच उभ्याने खाणे. दाराशी यंत्र असते, त्यात नाणी टाकायची, चिठ्ठी घ्यायची आणि ती फळीवर ठेवायची. आतल्या बाईने मला एकच प्रश्न विचारला : सोबा की उदोन? म्हणजे उत्तरेत उपवासाला खातात त्या कुट्टूच्या शेवया हव्यात की गव्हाच्या? (स्वस्त दुकानातल्या सोब्यातही पुष्कळदा गहूच अधिक असतो, ते असो.) आधीच उकडलेल्या शेवयांची गुंडाळी तिने जाळीत घालून उकळत्या पाण्यात बुडवली, झटकली, वाडग्यात टाकली, वर सुकवलेल्या बोनिटो माशाचा आणि सोयाचा काळपट रस्सा, पातीचा कांदा आणि कांद्या-गाजराचे एक मोठे भजे. एका मिनिटाच्या आत वाडगा समोर. नुसता सोबा तेव्हा तीनशे येनांच्या आसपास मिळे. शेजारी कोट घातलेला साहेब होता, पलीकडे चिखलाने भरलेले बूट घातलेला बांधकामावरचा मजूर. दोघेही भुरके मारीत होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

पाण्याचे पेले उपडे घातलेले होते, सर्वांसाठी एकच चळत. पेला उचलताना मी क्षणभर थांबलो, हे कबूल केले पाहिजे. खाऊन झाल्यावर प्रत्येक जण आपला वाडगा आपणच उचलून परतीच्या खिडकीत ठेवीत होता. तेथे तर माझा हात आखडलाच. आपले भांडे आपण उचलणे ही क्रिया माझ्या अंगात एका विशिष्ट अर्थाने मुरलेली आहे. साहेबाने वाडगा उचलून ठेवला, मजुराने ठेवला, मग मीही ठेवला.

या अनुभवाच्या बळावर जपानला समतेचा दाखला देण्याचा मोह मला झाला होता. परत आल्यावर या सोब्याभोवतीचे काही साहित्य वाचले, पाहिले. मला जपानी येत नाही, म्हणून भाषांतरांवर आणि जपानी जाणणाऱ्या एका मित्राच्या तोंडी अर्थावर विसंबलो. त्या वाचनात तो मोह टिकला नाही. कसा टिकला नाही ते सांगण्यासाठी हा लेख.

जुन्या एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रात्री खांद्यावर कावडीसारखा गाडा घेऊन सोबेवाले हिंडत. वाडग्याचा भाव सोळा मोन. बैठकीवर बसून एकट्याने गोष्ट रंगवण्याची ‘राकुगो’ नावाची लोककला आहे, तिच्यात ‘तोकी सोबा’ ही प्रसिद्ध गोष्ट आहे. एक गिऱ्हाईक सोबेवाल्याच्या पाटीची, काड्यांची, वाडग्याची, रश्श्याची तोंड भरून स्तुती करते. पैसे देताना एकेक नाणे मोजते आणि आठवर आल्यावर मध्येच विचारते, किती वाजले? सोबेवाला म्हणतो, नऊ. गिऱ्हाईक पुढे दहापासून मोजते आणि एक नाणे वाचवते. हे पाहणारा एक भोळा दुसऱ्या रात्री तोच डाव करू जातो, पण घाईने लवकर जातो. त्याच्या वाट्याला सारेच वाईट येते, आणि आठवर येऊन वेळ विचारतो तर उत्तर मिळते, चार. (जुन्या जपानी घड्याळात रात्रीच्या चारानंतर मध्यरात्रीचे नऊ येत.) बिचारा पाचपासून पुन्हा मोजू लागतो. या गोष्टीत श्रीमंत कोणी नाही. फसवणारा, फसणारा आणि सोबेवाला, तिघेही रात्रीच्या थंडीतले. दया तर कोणीच कोणावर करीत नाही. मला ही गोष्ट फार निरोगी वाटते.

मामोरु ओशी यांच्या २००६ च्या ‘ताचिगुइशी रेत्सुदेन’ या चित्रपटाने हीच परंपरा युद्धोत्तर काळात आणली आहे. माणसांची छायाचित्रे कागदी बाहुल्यांसारखी हलवून केलेला हा विक्षिप्त चित्रपट उभ्याच्या दुकानांत फुकट खाणाऱ्यांचा खोटा इतिहास सांगतो. त्यातला पहिला महापुरुष कच्चे अंडे घातलेला सोबा मागतो आणि त्या वाडग्यावर असे काही सौंदर्यशास्त्र झाडतो की मालक पैसे मागायचे विसरतो. समीक्षकाचे इतके खरे चित्र मी मराठीतही पाहिलेले नाही.

आता ज्या कथेसाठी मी एवढा आडवळणाने आलो तिच्याकडे येतो. कुरी र्योहेई यांची ‘इप्पाई नो काकेसोबा’, म्हणजे ‘एक वाडगा सोबा’. १९८९ साली या छोट्या कथेने जपानला रडवले. ती संसदेत वाचली गेली, पुढे १९९२ साली तिच्यावर चित्रपट निघाला. आरंभी ती खरी घडलेली म्हणून सांगितली गेली आणि नंतर तिच्या खरेपणाविषयी शंका उठल्या, पण तो वाद मला गौण वाटतो. साप्पोरोतले सोब्याचे दुकान. हे बसून खाण्याचे दुकान आहे, हे लक्षात ठेवावे. वर्षाच्या अखेरच्या रात्री, दुकान बंद होता होता, एक बाई दोन मुलांना घेऊन येते आणि संकोचाने तिघांत एक वाडगा मागते. मालक गुपचूप दीड माणसाच्या शेवया घालतो. पुढच्या वर्षी ती पुन्हा येते. मालकीण म्हणते, तिघांना पुरेल एवढे देऊ या. मालक म्हणतो, नको, त्यांना अवघडल्यासारखे होईल. तिसऱ्या वर्षी भाव दीडशेचा दोनशे येन झालेला असतो, पण ती येण्याआधी मालक भिंतीवरच्या पाट्या उलटवून दीडशे करून ठेवतो. मेलेल्या नवऱ्याच्या अपघाताची देणी ती फेडत असते. मग ती येईनाशी होते. मालक तिचे टेबल, क्रमांक दोनचे, दर वर्षी त्या रात्री राखून ठेवतो. पुष्कळ वर्षांनी ती मोठ्या झालेल्या मुलांसह येते. एक डॉक्टर, एक बँकेत. ते तीन वाडगे मागतात. सारे रडतात.

मीही रडलो. हे लपवण्यात अर्थ नाही. कथा कुशल आहे, आणि मालकाचे ‘नको, अवघडल्यासारखे होईल’ हे खरोखर सुसंस्कृत माणसाचे बोल आहेत. पाटी उलटवण्यात जो हळुवारपणा आहे तो आपल्याकडच्या दयेच्या कथांत क्वचितच दिसतो. आमच्यावर दया करणारी सवर्ण पात्रे पाटी कधी उलटवीत नाहीत, ती पाटीवर आपले नाव घालतात.

तरीही माझा या कथेला आक्षेप आहे. तो क्रमांक दोनच्या टेबलाला आहे. कथेत ते टेबल गाजते. मालक दुकान नवे करतो, सारे फर्निचर बदलतो, पण ते जुने टेबल मधोमध तसेच ठेवतो, आणि गिऱ्हाइके त्याची हकिगत ऐकून ते पाहायला येतात. त्या बाईची गरिबी तिच्या पाठीमागे प्रेक्षणीय वस्तू झाली, आणि तिला कोणी विचारले नाही. तिची लाज राखण्यासाठी ज्याने पाटी उलटवली त्यानेच तिची कहाणी गिऱ्हाइकांना सांगितली. लेखकाला हा विरोध दिसलेलाच नाही. १९८९ च्या डिसेंबरात टोकियोच्या शेअर बाजाराने तोवरचे सर्वोच्च शिखर गाठले. पोट भरलेल्या समाजाला आपली जुनी भूक टेबलावर मांडून पाहायची होती, आणि कथेने ती सोय केली. भूक गोड वाटायची तर ती संपलेली असावी लागते, आणि भुकेला माणूस नम्र व पुढे डॉक्टर होणारा असावा लागतो. ज्याचा मुलगा डॉक्टर झाला नाही, अशी बाई चौथ्या वर्षीही एकच वाडगा मागायला आली असती तर? त्या कथेवर संसद रडली असती असे मला वाटत नाही.

फलाटावरच्या उभ्याच्या दुकानात क्रमांक दोनचे टेबल असू शकत नाही. तेथे एकच वाडगा घेणारा हाच नियम आहे. आतल्या बाईला तुमचे दुःख ऐकायला वेळ नाही, आणि तुमचे दुःख गिऱ्हाइकांना सांगायलाही वेळ नाही. भाव सर्वांना एक, पाटी उलटवायची गरज नाही. मला दयेपेक्षा ही बेपर्वाई अधिक मानाची वाटली, कारण तिच्यात मी फक्त गिऱ्हाईक होतो. आमच्या चळवळीने चवदार तळ्यावर १९२७ साली जे मागितले ते प्रेम नव्हते. पाणी मागितले होते. वडिलांना मी सारे सांगितले तेव्हा त्यांनी मात्र वेगळेच विचारले : ‘‘आतल्या बाईला तरी बसायला होतं का?’’ नव्हते. स्वस्त वाडग्याचा तो भाग माझ्या नजरेतून निसटला होता.

आणखीही एक गोष्ट निसटली होती, ती शिमाझाकी तोसोन यांच्या ‘हाकाई’ या १९०६ च्या कादंबरीने दाखवली. कातड्याची, मेलेल्या जनावरांची कामे ज्यांच्या माथी मारली होती त्या समाजाला जपानने १८७१ साली कायद्याने मोकळे केले, पण ‘बुराकु’ वस्त्यांचा कलंक गेला नाही. कादंबरीचा नायक उशिमात्सु त्या समाजातला शिक्षक. जात कोणालाही सांगू नकोस, ही बापाची आज्ञा. कादंबरी उघडते तीच अशी : त्याच्या खाणावळीतून एका श्रीमंत गृहस्थाला, तो त्या समाजातला असल्याचे कळताच, हाकलून देतात, आणि उशिमात्सु हादरून बिऱ्हाड बदलतो. पैसे होते, शिष्टाचार होता, फक्त माहिती फुटली. शेवटी उशिमात्सु विद्यार्थ्यांपुढे गुडघे टेकून आपली जात सांगतो, लपवल्याची क्षमा मागतो आणि टेक्सासची वाट धरतो. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला रेल्वेतला नायकही परमुलखात जात लपवतो आणि उघडी पडल्यावर मार खातो. पण तो गुडघे टेकत नाही. सत्तावन वर्षांचे आणि एका चळवळीचे अंतर या दोन शेवटांत आहे.

‘हाकाई’ वाचल्यावर फलाटावरची ती बेपर्वाई मला वेगळी दिसू लागली. त्या फळीशी उशिमात्सुही निर्धास्त उभा राहिला असता, कारण तेथे फक्त सोबा की उदोन एवढेच विचारतात. जेथे गाव विचारायचे तेथे ते विचारलेच जात होते. १९७५ साली जपानात उघडकीस आले की बुराकु वस्त्यांच्या गावांची नावे आणि पत्ते असलेल्या याद्या गुप्तपणे कंपन्यांना विकल्या जात होत्या, नोकरीला आलेल्या उमेदवारांतून त्या गावचे वगळता यावेत म्हणून. अशी यादी कपाटात ठेवणारा अधिकारी आणि त्या यादीतल्या गावाहून मुलाखतीला आलेला तरुण, दोघे दुपारी त्याच स्टेशनात उतरले असतील, आणि एकाच फळीशी उभे राहून, एकमेकांकडे न पाहता, पाच मिनिटांत सोबा संपवून वर गेले असतील.