भाजलेल्यांच्या दीर्घकालीन संशोधनातील अनुपस्थितांचा प्रश्न

भाजलेल्याची जखम भरून येणे आणि तो बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्रण निवळण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात. खाज राहते, सांधे आखडतात, पुष्कळांचे काम सुटते. म्हणून या विषयाचे संशोधन दीर्घकालीन असणे अपरिहार्य ठरते. मात्र अशा संशोधनाचे मोल ठरविताना प्रथम पाहावयाचे ते हे की, त्यात कोणाला प्रवेश मिळाला आणि अखेरपर्यंत कोण उरले.

अमेरिकेतील ‘बर्न मॉडेल सिस्टिम’ हे १९९० च्या दशकात सुरू झालेले संकलन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. रुग्णालयातून घरी जाताना, पुढे ६, १२ व २४ महिन्यांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी माहिती घेण्याची त्याची पद्धत शिस्तबद्ध होय. तथापि जखम मिटविण्यासाठी शस्त्रक्रिया झालेली असावी, ही प्रवेशाची मुख्य अट असल्याने किरकोळ भाजलेले बाहेर राहतात. शिवाय याच संकलनाच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात असे आढळले की, बेरोजगार, पंचविशीच्या आतील, अमली पदार्थांचे सेवन केलेले, तसेच ज्यांच्या भाजण्यामागे हल्ल्याचा संशय होता असे रुग्ण पाठपुराव्यातून अधिक निसटतात. संशोधकांनी स्वतःची उणीव उघड केली, हे प्रशंसनीयच आहे. परंतु ही गळती यदृच्छेने होत नसल्यामुळे उरलेल्यांच्या अनुभवावरून सर्वांविषयी काढलेले अनुमान सदोष ठरते.

भारतात हा दोष अधिक गंभीर होतो. संघवी, भल्ला व दास यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २००१ या एका वर्षात आगीमुळे सुमारे १,६३,००० मृत्यू झाले, त्यांपैकी सुमारे १,०६,००० स्त्रियांचे होते व त्यांतील बहुतेक १५ ते ३४ वयोगटातील होत्या. मृतांची मोजणी एकदाच करावी लागते. वाचलेलीला मात्र पुनःपुन्हा शोधावे लागते. ती माहेरी गेली की पत्ता बदलतो. रुग्णालयात ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असा जबाब दिलेल्या स्त्रीस संशोधकाने वर्षानंतर तोच प्रश्न विचारल्यास तिला पोलिसांचे कागद आठवणे स्वाभाविक आहे.

पापडीचे उदाहरण घेतल्यास अडचणींचे स्वरूप स्पष्ट होते. वसई परिसरात घरोघरी सामवेदी, वाडवळी यांसारख्या बोली चालतात. वेदना, लाज, निरुत्साह यांविषयी ग्रांथिक मराठीतील प्रश्नावलीला मिळणारे उत्तर अपुरे राहण्याचा संभव असतो. उपचार मुंबईस झाले असतील, तर प्रत्येक तपासणीसाठी वसई रोडहून गर्दीच्या लोकलने जावयाचे, चेहऱ्यावरील व्रणांकडे वळणाऱ्या नजरा सोसावयाच्या आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडवावयाचा. अशी स्त्री तिसऱ्या खेपेस आली नाही, तर तिच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ एवढीच नोंद होते. वस्तुतः संपर्क राखण्याचा सारा भार तिच्यावरच टाकलेला असतो.

यास्तव अशा संशोधनात भेट रुग्णाच्या गावी व्हावी, प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मिळावी आणि संशोधनातील कथन पोलिसी नोंदीपासून वेगळे व गोपनीय ठेवले जावे. याखेरीज निसटलेल्यांची संख्या, वय, लिंग व भाजण्याचे कारण यांचा तपशील निष्कर्षांच्या आरंभीच दिला जावा. तो नसेल, तर त्या निष्कर्षांवर पुनर्वसनाची योजना आखणे म्हणजे जिला तिची सर्वाधिक गरज आहे तिलाच वगळणे होय.