प्रतीक्षेचा संकेत आणि दोन वैमानिक

युद्ध आणि प्रेम यांचे साहचर्य साहित्याला नवे नाही. भारतीय काव्यशास्त्राने तर विरहाला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. अष्टनायिकांमध्ये प्रोषितभर्तृकेला स्थान आहे, हालाच्या ‘गाथासप्तशती’तील कितीतरी गाथांमध्ये परगावी गेलेल्या पतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली स्त्री भेटते, ‘मेघदूता’तील यक्षाचा सगळा विश्वास यावर आहे की, प्रिया अलकेतील त्याच घरी असेल आणि निरोप तिच्यापर्यंत पोहोचेल. या विप्रलंभाच्या मुळाशी एक गृहीत आहे. एकाने दूर जायचे आणि दुसरीने जागच्या जागी थांबायचे. प्रियकर संकटात असतो, पण घर सुरक्षित असते.

दुसऱ्या महायुद्धातील साहित्यानेही हा संकेत बव्हंशी सांभाळला. कोन्स्तान्तिन सिमोनोव्ह याची १९४१ मधील सुप्रसिद्ध कविता आघाडीवरच्या सैनिकाने प्रेयसीला केलेले वाट पाहण्याचे आवाहन आहे. त्याच सुमारास स्वतः ब्रिटिश हवाई दलात असलेल्या टेरेन्स रॅटिगनने ‘फ्लेअर पाथ’ (१९४२) हे नाटक लिहिले. बॉम्बफेकी विमाने रात्री निघून जातात आणि विमानतळाजवळच्या हॉटेलात त्या वैमानिकांच्या बायका पहाटेपर्यंत जाग्या राहतात. नटी, पूर्वी मद्यगृहात काम केलेली स्त्री आणि धुलाईगृहातील कामगार अशा भिन्न स्तरांतील स्त्रियांना रॅटिगन प्रतीक्षेच्या एका सूत्रात बांधतो. नाटकाचे सामर्थ्य त्यात आहे आणि मर्यादाही त्यातच आहे. विमान आकाशात असते. रंगमंच मात्र प्रतीक्षालयच राहतो.

परंतु प्रेयसी स्वतःच वैमानिक असेल तर? सोव्हिएत संघात हा प्रश्न केवळ कल्पनेतला राहिला नव्हता. १९४१ मध्ये मारिना रास्कोवाच्या पुढाकाराने स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंटी उभ्या राहिल्या. त्यांतील ५८८ वी रात्री बॉम्बफेक करणारी होती. लाकूड आणि कापड यांनी बनलेली, उघड्या बैठकीची, दोन पंखांची ती विमाने मूळची प्रशिक्षणासाठी होती. याच रेजिमेंटमधील नादेझ्दा पोपोवा हिने ८५२ उड्डाणे केली. १९४२ च्या उन्हाळ्यात तिचे विमान पाडले गेले. माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर जात असताना तिला एक जखमी लढाऊ वैमानिक भेटला. सेम्योन खार्लामोव्हचा चेहरा पट्ट्यांनी झाकलेला होता, फक्त डोळे दिसत होते, आणि तो शोलोखोव्हची डोनकाठची कादंबरी वाचीत होता. पुढे मोहिमांच्या धावपळीत दोघे अधूनमधून भेटत राहिले. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी दोघांनाही ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला. बर्लिनमध्ये राइशस्टागच्या भिंतीवर त्यांनी आपली नावे लिहिली, आणि युद्धानंतर त्यांचा संसार १९९० मध्ये खार्लामोव्हच्या मृत्यूपर्यंत टिकला. पोपोवा २०१३ मध्ये निवर्तली.

या प्रेमकथेत वाट कोणी कोणाची पाहायची? दोघांचेही ठिकाण रोज बदलणारे आणि दोघांचाही जीव रोज पणाला लागलेला. येथे घर नाही, अलका नाही. प्रोषित कोण आणि भर्तृका कोण, हेच सांगता येत नाही.

लिओनिद बिकोव्हचा १९७३ मध्ये तयार झालेला युद्धपट या जोडप्याच्या संदर्भात पाहावा लागतो. खार्लामोव्ह या चित्रपटाचा लष्करी सल्लागार होता. त्यात सगदुल्लायेव हा उझबेक वैमानिक — सहकाऱ्यांचा ‘रोमिओ’ — स्त्रियांच्या रेजिमेंटमधील माशाच्या प्रेमात पडतो आणि लग्नासाठी आपल्या कमांडरची परवानगी मागतो. पुढे तो जखमी होऊन मरतो. कमांडर माशाच्या शोधात जातो, तेव्हा त्याला तिची कबर दाखवली जाते.

प्रत्यक्षातले जोडपे जगले. कलेने मात्र दोघांना मारले. याला भावविवशता म्हणणे सोपे आहे, परंतु ते अपुरे ठरेल. माशा जिवंत राहिली असती, तर अखेरच्या दृश्यात ती अपरिहार्यपणे जुन्या नायिकेच्या जागी, निरोप ऐकून कोसळणारी स्त्री म्हणून उभी राहिली असती. बिकोव्ह ते टाळतो. दूत पोहोचतो, पण निरोप घ्यायला कोणी नाही. ‘मेघदूता’चे गृहीत येथे पूर्णपणे उलटते, आणि माशाची समानता मृत्यूतही अबाधित राहते. चित्रपटाचा हा मोठा विशेष होय.

तरीही एक प्रश्न उरतो. मृत्यूने समानता सिद्ध होते. तिचा संसारात कस लागत नाही. गणवेश उतरल्यावर त्या स्त्रीचे काय झाले? याचे उत्तर स्वेतलाना अलेक्सिएविचच्या युद्धातील स्त्रियांवरील १९८५ च्या ग्रंथात मिळते. तेथील स्त्रिया मरणाविषयी जितक्या मोकळेपणी बोलतात, तितक्या प्रेमाविषयी बोलत नाहीत, हे लेखिकेने नोंदवले आहे. कारण आघाडीवरून परतलेल्या स्त्रीकडे पुष्कळदा संशयाने पाहिले गेले. पतीला जे पदक भूषण ठरले, तेच तिला लपवावे लागले. सर्वांच्याच वाट्याला हे आले असे नाही, पोपोवाच्या तर नाहीच. परंतु समान धोका पत्करलेल्या दोघांना समाज समान परतवीत नाही, ही या प्रेमकथेची खरी शोकान्तिका आहे. ती कबरीपाशी संपत नाही. घराच्या उंबऱ्यावर सुरू होते.

मृत्यूत एकत्र येणाऱ्या प्रेमिकांसाठी साहित्याजवळ आकृतिबंध पूर्वीपासून आहे, आणि वाट पाहणारीसाठीही आहे. एकाच युद्धातून परतून एकाच चुलीपाशी बसणाऱ्या दोन सैनिकांसाठी मात्र तो अलेक्सिएविचला साक्षींच्या तुकड्यांतून घडवावा लागला. त्या ग्रंथाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक दस्तऐवजाचे नाही, ते यासाठी.